पन्नीरच्या वाटणीचं गोड

“काल रात्रीं काय जेवलांत?”

तंजावूरच्या ऑफिसात मी रुजू झालो तेव्हा क्लेम विभागाच्या प्रमुख अंबुजाबाई माझ्याशी बोलल्या, ते पहिलं वाक्य हे. नाव-गाव नाही, प्रवास कसा झाला नाही. मी साताऱ्याचा, तमिळचं अक्षर न कळणारा, विमा कंपनीने बदली केली म्हणून बॅगा उचलून आलेला. इतक्या लांब मराठी ऐकू आली म्हणून हरखावं, की तोंडी परीक्षेचं उत्तर द्यावं, हेच कळेना. स्टेशनजवळच्या मेसमध्ये परोटा खाल्ला, असं मी सांगितलं. भाजी? नव्हती. ताक? नाही. त्यांनी चष्म्यावरून मला एकदा नीट पाहून घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. तो मान खाली घालून हसला. पुढे तमिळ कानात बसल्यावर मी त्यालाच विचारलं, तेव्हा कळलं की बाई म्हणाल्या होत्या, आणखी एक आला, हाही दुपारी पेंगणार.

मी दुपारी पेंगलो, हे वेगळं सांगायला नको.

तो शेजारचा माणूस म्हणजे पन्नीर. तिरुवैयारूच्या अलीकडच्या एका गावातून रोज बसने यायचा. त्याच्याबद्दल पुढे बरंच सांगायचं आहे, कारण अंबुजाबाईंची आठवण काढली की मागोमाग पन्नीरचा डावा पाय आठवतोच.

बाई राहायच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. त्या बाजूला मराठी बोलणारी घरं अजून आहेत. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि फायलीवर इंग्रजी, अशी त्यांची विभागणी होती. देवनागरी त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे हे लिहिलेलं मला फोनवर वाचून दाखवावं लागणार आहे, आणि त्या मध्येच थांबवून चुका काढणार आहेत. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, सगळे अनुस्वार शाबूत, आणि चाल मात्र पक्की तमिळ. माझ्या बोलण्याला त्या हसायच्या. मी काळे, आणि ‘सर’चं तिकडे ‘सार’ होतं. म्हणायच्या, “काळे सार, तुमचें मराठी फार धांवतें. जरा बसून बोला.” माझी आई एकदा फोनवर त्यांच्याशी बोलली आणि नंतर मला म्हणाली, बाई चांगल्या आहेत, पण मी काय जेवले ते मला तीनदा विचारलं.

बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सुती साडी आणि केसात रोज ताजा मोगरा. आहाराविषयी सांगणारी माणसं बहुधा वाळकी आणि खिन्न असतात. अंबुजाबाई खाण्यावर जीव टाकणाऱ्या होत्या. डबा उघडण्याआधी त्या साडीचा पदर खोचून घेत, हात धुऊन येत आणि प्रत्येक पुडाचं झाकण काढताना आतल्या पदार्थाचं नाव मोठ्याने घेत. केळफुलाची भाजी. शेवग्याच्या पाल्याची डाळ. डांगर पचडी, म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवलेलं, वर हिंगाची फोडणी. ओळख करून दिल्याशिवाय त्या कशाला हात लावत नसत. शेवटचा पुड भाताचा. तो त्या सगळ्यात शेवटी उघडायच्या आणि कुणी आधी भाताकडे वळलं की हमखास म्हणायच्या, “भात कोठें पळून जात नाहीं.”

आमच्या ऑफिसची गंमत अशी की दिवसभर आम्ही लोकांच्या साखरेचे आणि रक्तदाबाचे रिपोर्ट तपासायचो. अमक्याने आजार लपवला का, तमक्याचं हृदय केव्हापासून खराब होतं, याच्यावर शेरे मारायचे, आणि चार वाजता कोपऱ्यावरच्या टपरीतून वर्तमानपत्रात बांधून आलेली केळ्याची बज्जी खायची. कागदाला तेल लागे, फायलींनाही लागे. एखाद्याच्या हृदयविकाराच्या फायलीवर बज्जीचा गोल डाग पाहिलेला मी माणूस आहे.

त्यात आनंदाच्या बातम्या. त्या भागात कुणाचंही काही भलं झालं की ‘स्वीट, कारम, कॉफी’ द्यायची, म्हणजे गोड, तिखट आणि वर कॉफी. प्रमोशन, लग्न, नातू, स्कूटर, सगळ्याला तोच नियम. आणि देणारा डबा टेबलावर ठेवून जात नाही. तो प्रत्येकाच्या जागेवर येतो, आपल्या हाताने गोड तुमच्या हातावर ठेवतो, आणि तुम्ही ते तोंडात घालेपर्यंत उभा राहतो. नको म्हटलं तर त्याचा अर्थ एकच, तुम्हाला त्याचं बरं झालेलं पाहवत नाही. चाळीसेक माणसांच्या ऑफिसात कुणाचं ना कुणाचं भलं होतच असतं. मला गोडाची आवड, त्यामुळे ही पद्धत मला फार उच्च वाटली होती.

मे महिन्यात पन्नीर एका पायात मोजा घालून यायला लागला. तंजावूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातलं वैचित्र्य कळेल. इतरांनी थट्टा केली. अंबुजाबाईंनी केली नाही. त्यांनी सगळे जेवायला गेल्यावर दाराशी खुर्ची लावली आणि त्याला मोजा काढायला लावला. मी आत होतो, पण मला बाहेर जा म्हणायचं त्यांना सुचलं नाही. अंगठ्याजवळच्या बोटाला जखम होती आणि ती कित्येक आठवड्यांपासून भरत नव्हती. त्याला साखर होती, गोळ्या तो मनाला येईल तशा घेत होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की असंच चाललं तर बोट काढावं लागेल, आणि गोष्ट बोटावर थांबेलच असं नाही.

पन्नीर तसा गप्प माणूस. पण त्या दिवशी तो बोलला. गावच्या देवाची पालखी चैत्रात आसपासच्या गावांतून फिरते. पालखीच्या पुढच्या दांडीला डावीकडून खांदा देण्याचा मान त्याच्या घराकडे, आजोबांपासून. खांदेकरी अनवाणी चालतात. पाय गेला तर गेला, नोकरी बसून करता येते, असं तो म्हणाला. पण मग दांडी दुसऱ्या घरात जाईल, आणि एकदा गेली की परत येत नाही. त्याला मुलगा नव्हता. हे सांगताना तो रडला, आणि बाईंनी त्याला रडू दिलं.

मग त्यांनी विचारलं, साखर आहे हे माहीत असूनही तू रोज जिलबी-जांगिरी का खात होतास? तो म्हणाला, हातावर ठेवतात, मी काय करू?

तिथून बाईंच्या मोहिमा सुरू झाल्या, आणि पहिल्या दोन साफ फसल्या. पहिलीत त्यांनी चारच्या बज्जीऐवजी मोड आलेले कच्चे मूग आणि काकडी आणली. कुठल्यातरी डॉक्टरांच्या भाषणात ऐकलं होतं. लोकांनी ते भक्तिभावाने घेतलं, चमचाभर खाल्लं आणि मागच्या फाटकाने टपरी गाठली. तिसऱ्या दिवशी बाई स्वतः तिथे सापडल्या. हातात बज्जी होती. मला पाहून म्हणाल्या, “कच्चें मूग घोड्यास द्यावें, काळे सार.” आणि अर्धी बज्जी मला दिली.

दुसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या मुलखात पाण्यात भिजवून ठेवलेल्या शिळ्या भाताला फार मान आहे. ताक घालून, छोट्या कांद्याबरोबर तो खातात. शेतावर राबणाऱ्यांचं ते सकाळचं खाणं. हल्ली शहरात त्याचं कौतुक सुरू झालं आहे. बाईंना वाटलं, आपलं जुनं तेच औषध. त्यांनी घरून तांबड्या तांदळाचा भात मोठ्या मडक्यात भिजवून आणला आणि एका सोमवारी सबंध विभागाला जेवू घातला. चव अशी होती की कुणी थांबेना. पन्नीरने तर औषध म्हणूनच तीन वेळा मागून घेतला. शेतावर राबणाऱ्याचं जेवण खुर्चीत बसणाऱ्याने खाल्ल्यावर जे व्हायचं ते झालं. विभागीय व्यवस्थापक न सांगता तपासणीला आले तेव्हा क्लेम विभाग शांतपणे झोपला होता. मी तर फायलीवर गाल टेकला होता, शिक्क्याची शाई गालाला लागली होती.

व्यवस्थापकांचं बोलणं बाईंनी ऐकून घेतलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण त्या आठवड्यात पन्नीरची साखर तपासली ती आधीपेक्षा वर गेलेली निघाली, आणि डॉक्टरांनी त्याला सरळ विचारलं की बोट ठेवायचं आहे की नाही. दोन दिवस बाईंनी कुणी काय जेवलं तेही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या पन्नीर आणि त्याची बायको वसंता यांना घेऊन स्वतः डॉक्टरांकडे गेल्या. तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीसमोर शाळकरी मुलीसारख्या बसल्या आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, आमच्या घरात जे शिजतं त्यातलं काय, किती, आणि कशाच्या आधी. परत आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, “मी औषध शोधीत होतें. औषध गोळींत आहे. जेवणास जेवण राहूं द्यावें.”

त्यानंतर कच्चे मूग आले नाहीत, की मडकं आलं नाही. जेवणाची सुट्टी जी प्रत्येक जण फोनवर बोलत, फाइल बघत, डब्यात तोंड खुपसून उरकत होता, ती त्यांनी सगळ्यांना एकत्र घ्यायला लावली. स्टेशनरीची खोली रिकामी करून घेतली, लांब टेबल टाकलं. डबे मधे. आधी भाजी, मग डाळ किंवा उकडलेले हरभरे, अंडं खाणाऱ्याला अंडं, भात शेवटी आणि बेताचा. चार वाजता टपरीवाल्याकडूनच सुंडल यायला लागलं, म्हणजे उकडलेल्या कडधान्यावर मोहरीची फोडणी आणि ओलं खोबरं. त्याचा धंदा बुडू नये म्हणून बाईंनीच त्याला कृती सांगितली होती. पन्नीरची गोळी त्याच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेली असे. ती घेतल्याशिवाय टेबलावर कुणी घास घेत नसे. म्हणजे चाळीस माणसांची भूक त्याच्या गोळीवर अडलेली. तो विसरणार कसा?

पण ‘स्वीट, कारम, कॉफी’ तसंच होतं. त्याला हात कसा लावायचा हे बाईंनाही उमगत नव्हतं.

अकाउंट्समध्ये मनोहरी नावाची बाई होती. मनाने उदार, आवाजाने मोठी, आणि गोडाची माझ्यापेक्षा शौकीन. तिच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. नवऱ्यामागे तिने त्याला एकटीने वाढवला होता, त्यामुळे आनंद साधा नव्हता. जांगिरीचा, म्हणजे उडदाच्या जिलबीचा, डबा घेऊन ती जागोजाग फिरली आणि पन्नीरपाशी आली. त्याच्या पायाचं तिला माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. पण हात पुढे आला होता, पद्धत पद्धत होती, आणि पन्नीरचाही हात वर येऊ लागला होता. आम्ही सगळे फायलींत डोकी घालून बसलो.

अंबुजाबाई उठल्या आणि त्यांनी आपली ओंजळ पन्नीरच्या हाताखाली धरली. बोलल्या तमिळमध्ये. मला मात्र ते त्यांच्या मराठीतच आठवतं.

“पन्नीरचा आनंद तुला पोंचला. त्याच्या वाटणीचें गोड मी खातें.”

मनोहरीने क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि जांगिरी बाईंच्या ओंजळीत ठेवली. बाईंनी ती तिथेच उभ्या राहून, सावकाश, मनापासून खाल्ली. नंतर स्वतःच्या वाटणीचीही खाल्ली.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. पन्नीरच्या वाटणीचं बाईंकडे. आणि हळूहळू असं दिसायला लागलं की पन्नीर एकटा नव्हता. टायपिस्ट धनलक्ष्मीचं गोड बाईंकडे जाऊ लागलं. मग एका दिवशी खुद्द आमच्या ऑफिसच्या मॅनेजरसाहेबांनी कॉफीचा कप घ्यायला आल्यासारखं करून आपला म्हैसूरपाक बाईंच्या बशीत सरकवला. इतकी माणसं इतके दिवस गुपचूप काय काय गिळत होती, ते तेव्हा कळलं. बाई सगळ्यांचं खात होत्या. मी एकदा म्हटलं, बाई, हे चांगलं नाही. तर म्हणाल्या, “कोणीं तरी खायास पाहिजे की नाहीं? आनंद टाकून देऊं नये.”

ऑफिसात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. रांगेत बाईंच्या मागे मनोहरी उभी होती. नर्सने बाईंची साखर वाचून सांगितली आणि म्हणाली, अम्मा, काठावर आहे, गोड बंद करा. बाई नेहमीसारख्या हसल्या. मनोहरी हसली नाही. ती रांग सोडून आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी ती कुणाशीच मोठ्याने बोलली नाही, आणि मनोहरीचा आवाज येत नाही म्हणून लोक खोलीत डोकावून गेले.

तिचा मुलगा पहिली परीक्षा पास झाला तेव्हा ती मोठं पातेलं घेऊन आली. आत सुंडल. बदामाच्या पानांवर वाढून ती तशीच जागोजाग फिरली, प्रत्येकाच्या हातात दिलं आणि तोंडात जाईपर्यंत उभी राहिली. पन्नीरच्या हातावर पान ठेवलं. त्याने सगळ्यांसमोर खाल्लं. कित्येक महिन्यांनी त्याच्या वाटणीचं त्याने स्वतः खाल्लं होतं. अंबुजाबाईंनी घास घेतला, डोळे मिटून चघळला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. मनोहरीने त्यांच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग दोघी एकमेकींना धरून रडल्या. ऑफिसात असं रडणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

गोड कायमचं गेलं असं नाही. पोंगलला प्रत्येकाला चमचाभर मिळालं, आणि तो चमचा बाईंनी अशा प्रेमाने चाटला की बघत राहावं. पण नको म्हणणं हा अपमान राहिला नाही, आणि खरं काम तेच होतं.

पन्नीरची जखम फार हळू भरली. गोळ्या, मलमपट्टी, जेवण, जेवणानंतर बाईंबरोबर फाटकापर्यंतच्या फेऱ्या. फाल्गुन संपता संपता डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोट वाचलं. पण त्यांनी बजावलं की आता अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. पायाला खडा टोचला तर याला कळणारही नाही.

बाई त्याआधी महिनाभर निवृत्त झाल्या होत्या. पन्नीर त्यांच्या घरी गेला आणि पेढा न नेता रताळी घेऊन गेला, असं मी ऐकलं. पालखीला जाणार नाही, असंही त्याने त्यांना सांगितलं. तर बाई थेट डॉक्टरांकडे पोचल्या. तिथे काय घासाघीस झाली ते मला माहीत नाही. ठरलं ते असं, की पन्नीरने फक्त आपल्या घराच्या गल्लीपुरता खांदा द्यायचा. देवळातल्या म्हाताऱ्यांनीही ते मान्य केलं. मान राहायला तेवढं पुरे होतं.

माझीही बदली परत साताऱ्याला झाली होती. निघण्याच्या आठवड्यात पालखी होती, म्हणून मी त्या गावी गेलो. ऊन कलल्यावर गल्लीतल्या बायका सडा घालत होत्या, वसंता खराट्याने रस्ता झाडत होती. नादस्वराचा आवाज जवळ आला, पालखी कोपऱ्यावर थांबली. पन्नीरने चपला काढून वसंताच्या हातात दिल्या आणि डावीकडच्या दांडीला खांदा लावला.

आणि वाजवणाऱ्यांच्याही पुढे मला अंबुजाबाई दिसल्या. अनवाणी. कमरेत वाकलेल्या, पदर झोळीसारखा धरलेला. त्या रस्त्यावर डोळे लावून पावलापावलाने चालत होत्या, थांबून काहीतरी उचलत होत्या आणि पदरात टाकत होत्या. पायाने रस्ता चाचपत होत्या. मोगरा कानावर उतरला होता. शेजारची एक म्हातारी मला विचारू लागली, ह्या अम्मांचा कसला नवस आहे? मी पालखीच्या डावीकडच्या दांडीकडे बोट दाखवलं.

गल्लीच्या टोकाला पन्नीरने खांदा सोडला. दुसऱ्याने दांडी घेतली, पण पालखी आरतीसाठी तिथेच टेकली होती. बाईंनी पदर कालव्याच्या कडेला झटकला. खडी, सोड्याच्या बाटलीची झाकणं, बाभळीचे काटे. मग त्यांनी पन्नीरला समोरच्या ओट्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या.

“पाय दाखीव.”

पन्नीर संकोचला. समोर देव होता, आणि देवाकडे पाय करून कुणी बसत नाही. त्याने मानेनेच पालखी दाखवली.

“देवास मी सांगतें,” बाई म्हणाल्या. “दाखीव.”

त्याने पाय पुढे केले. अंबुजाबाईंनी पदराने तळवे पुसले आणि दिव्याच्या उजेडात एकेक बोट हाताने चाचपून पाहिलं. सगळी जागेवर होती.